नात्याचा रकाना

“भाची बसत नाई यात?” उत्तमरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “आमच्या घरी भाचीच तं राह्यते. गुरंढोरं, वावर, चाबी, सारं तिच्याच हाती देऊन जाऊन राह्यलो आम्ही. तिले काही झालं तं आम्ही काय दुबईले बसून राहू?”

“नाही बसणार, काका. मले माहीत हाय,” पुष्पांजली म्हणाली. “तुम्ही पह्यल्या इमानानं याल. पण त्या तिकिटाचे पैसे विम्याची कंपनी देणार नाही. प्रवास अर्धवट टाकून या लागला तं कंपनी पाह्यते का घरचं जवळचं माणूस हाय का नाही.”

“मंग जवळचं म्हणजे कोण, बाई?” उत्तमरावांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी विचारलं.

“नवरा-बायको, लेकरं, मायबाप, सख्खे भाऊबहीण, सासूसासरे. बस.”

उत्तमराव हसले. “म्हणजे पुस्तकातलं जवळचं.”

पुष्पांजलीही हसली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. दुसरबीडच्या हमरस्त्यावर, खताच्या दुकानाला लागून तिचं विम्याचं छोटं ऑफिस होतं. पिकाचा, गाडीचा, माणसांचा विमा ती कित्येक वर्षं करत होती. अलीकडे परदेश प्रवासाचीही गिऱ्हाइकं येऊ लागली होती. आजूबाजूच्या गावांतली पोरं दुबईला, जर्मनीला लागली होती आणि नातवंडं पाहायला त्यांचे आईबाप निघत होते. आयुष्यात मुंबईच्या पुढे न गेलेली ही माणसं तिच्यासमोर बसत आणि ती त्यांना एकेक शब्द सोडवून सांगे. सुरुवातीची ठरावीक रक्कम आपणच भरायची, त्यावरचा खर्च कंपनीचा, हे समजावताना ती विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण देई. “वायर निघाली तं आपणच जोडतो ना, काका? मोटार जळाली तं मिस्त्री. तसंच हे.” आणि मग तिचं ठरलेलं वाक्य येई, “बीपीची गोळी घेता तं घेता म्हणून लिहा. आधीचं दुखणं लपवलं, अन् तिकडं त्याच्यापायीच भरती व्हा लागलं, तं कंपनी हात वर करते. मंग मले शिव्या देऊ नका.”

“साखर हाय मले,” पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. “पोरगा म्हणे लिहू नको.”

“लिहायची. थोडे जास्त लागतील, पण झोप लागंल.”

लोक तिचं ऐकत. तालुक्यात तिच्याइतकं काम दुसऱ्या कोणाचं नव्हतं. त्यामुळेच त्या वर्षी कंपनीनं निवडलेल्या एजंटांच्या व्हिएतनामच्या सहलीत तिचं नाव आलं. बुलढाणा जिल्ह्यातून एकटीचं.

ही बातमी तिनं सर्वांत आधी सुलतानपूरला मावशीला सांगितली. वत्सला मावशी तेव्हा ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठून शेजारी गेली. तिथून पुढच्या घरी. तिथून पिठाच्या गिरणीवर. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं की वत्सलाबाईची भाची इमानात बसून जाऊन राह्यली, ते बी कंपनीच्या खर्चानं.

“देशाचं नाव काय म्हनली व्हतीस?” परत आल्यावर मावशीनं विचारलं.

“व्हिएतनाम.”

“गिरणीवर मी नुसतं लय दूर सांगतलं. नाव तोंडात बसत नाई.”

पुष्पांजली रांगत होती तेव्हा तिची आई, सिंधू, तापात गेली. बापानं वर्ष व्हायच्या आत दुसरी बायको केली, तिच्या गावी लोणारकडे राहायला गेला आणि पोर सिंधूच्या मोठ्या बहिणीच्या ओटीत टाकली. वत्सला तेव्हा नवरा जाऊन माहेरी आलेली, मूलबाळ नसलेली बाई. वाट्याला आलेल्या दोन एकरांत तिनं एकटीनं कापूस केला, सोयाबीन केली, भाजी काढून मेहकरच्या बाजारात नेली आणि पुष्पांजलीला बी. कॉम. केलं. बापानं नंतर कधी चौकशी केली नाही. पुष्पांजलीचं लग्नाचं राहून गेलं. म्हणजे घरचं माणूस म्हणायला तिला मावशीच होती. दर रविवारी ती स्कूटीवर सुलतानपूरला जाई. मावशी मात्र दुसरबीडला राहायला येत नसे. “वावर कोनाच्या भरवशावर सोडू?” एवढंच म्हणे.

व्हिएतनाममध्ये दुसऱ्याच दिवशी, सगळे बसमध्ये चढत असताना, भागवतचा फोन आला. भागवत हा मावशीचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. शेजारच्याच घरात राहायचा.

“ताई, घाबरू नको. आत्या अंगणात पडली. डावी बाजू गेली तिची. मेहकरले आनलं आम्ही, दवाखान्यात हाय.”

“बोलते का?”

“बोलते. पन डॉक्टर म्हनते, काही सांगता येत नाई.”

पुष्पांजली बसच्या पायरीवरून खाली उतरली. सहलीसोबत आलेले कंपनीचे अधिकारी रमाकांत तिच्यामागे आले. बुलढाण्याचा सज्जन माणूस. त्यांनीच तिला या धंद्यात आणलं होतं.

“दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, पुष्पांजली. सगळ्यांसोबतच परत जाऊ. भागवत आहे ना तिथं?”

“नाही सर. मी आजच निघते.”

“तिकीट फार महाग पडेल आयत्या वेळी. बरं, तू आपला विमा काढलायस ना? त्यातून...” ते बोलता बोलता थांबले. दोघांनाही उत्तर माहीत होतं.

“बसत नाही सर,” ती म्हणाली. “मावशी आहे.”

विमानतळाकडे जाताना तिला एकदाच ते आठवलं, की त्या यादीत बसणारं तिचं एकच माणूस जगात आहे, आणि ते लोणारकडे आहे. तो बाप समोर आला असता तर तिनं त्याला ओळखलंही नसतं. त्याच्या आजारपणासाठी कंपनीनं तिला बिनतक्रार परत आणलं असतं. तिला राग आला नाही. नियम तिनंच शेकडो लोकांना समजावून सांगितला होता. तिनं तिकीट काढलं, मुंबईला उतरली आणि भाड्याच्या गाडीनं समृद्धी महामार्गावरून सरळ मेहकर गाठलं.

मावशी जागी होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डावा हात गादीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. पण डोळे तेच होते.

“काऊन आली?” ती अडखळत म्हणाली. “कंपनीनं हाकललं काय?”

“तुले पाह्याले आली.”

“मी काय पळून चालली व्हती?” मावशीनं उजव्या हातानं तिचा चेहरा चाचपला. “जेवली काय तू? तिकडं काय खातेत लोकं?”

“भातच खातात. तिकडं सगळीकडं धानाचे वावरं हायेत, मावशी. बाया टोपल्यासारख्या टोप्या घालून चिखलात उभ्या राह्यतात. बसमधून पाह्यलं मी. एकीनं वर पाहून हात केला.”

“तू केला का मंग?”

“हाव.”

“हां.” मावशीचं समाधान झालं. “कोनी हात केला तं करा लागते.”

तेवढ्यात एक तरुण नर्स तक्ता घेऊन आली. धम्मशीला तिचं नाव. मावशी तिच्याशी दोन दिवसांत गप्पांनी जोडली गेली होती.

“आजी, आली वाटतं तुमची मुलगी! आता मले काही त्रास नाही देणार तुम्ही.” ती पुष्पांजलीकडे वळली. “ताई, सही लागंल तुमची. नातं मुलगी लिहिते.”

“मुलगी नाई.” मावशीचा आवाज इतका स्पष्ट आला की नर्सही दचकली. “भाची. माह्या बहिनीची पोर. सिंधूची.”

“तेच ते, आजी. तुम्हीच तं वाढवलं.”

“तेच ते नाई. सिंधू लय हुशार व्हती. चवथीले पह्यली आली व्हती. माह्या पोटची असती तं हे येवढी शिकली नसती, इमानात बसली नसती. डोकं सिंधूचं हाय.” ती दमली, पण थांबली नाही. “लिव्ह. भाची. लिव्हलं काय?”

“लिहिलं, आजी.”

पुष्पांजलीनं सही केली. लहानपणापासून तिनं हे ऐकलं होतं. आळीतल्या बाया म्हणत, अवं, तुलेच माय म्हनू दे लेकराले, त्याले काय समजते. मावशी म्हणे, “माय हाय तिले. मेली म्हनून नाई व्हती असं व्हते काय?” शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी वत्सलाबाईंचं नाव आईच्या जागी लिहिलं, तेव्हा तिनं त्यांना ते खोडायला लावलं होतं. रोज संध्याकाळी भाकरी थापताना ती सिंधूच्या गोष्टी सांगायची. सिंधूला चिंच कशी आवडायची, ती झोका किती उंच घ्यायची, नवऱ्याघरी जाताना कशी मागं वळून वळून पाहत होती. पुष्पांजलीला स्वतःच्या आईचा चेहरा आठवत नव्हता, पण तिचं हसणं माहीत होतं. मावशी ते करून दाखवायची.

पुढचे दोन दिवस मावशीनं वॉर्डातल्या प्रत्येकाला भाची परदेशातून आल्याचं सांगितलं. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला तर तिनं दोनदा सांगितलं. एका दुपारी बोलता बोलता तिचा डोळा लागला आणि तो परत उघडला नाही.

सुलतानपूरच्या स्मशानात सगळी तयारी झाल्यावर भागवतनं आगीचं मडकं पुष्पांजलीसमोर धरलं.

“तूच दे, ताई. आत्यानं मले सांगून ठेवलं व्हतं.”

गावातले वृद्ध वामनराव काही बोलायला पुढे झाले. “भाचा असताना...” एवढं म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच बाजूला होऊन वाट करून दिली. पुष्पांजलीनं पदर खोचला, मडकं घेतलं. मावशी इथं असती तर तिनं नक्की म्हटलं असतं, पाहा, सिंधूची पोर कशी उभी हाय.

तेरावं झाल्यावर रमाकांत दुसरबीडला भेटायला आले. चहा झाला, मावशीच्या आठवणी झाल्या. निघताना ते थोडे घुटमळले.

“एक सांगू? परतीच्या तिकिटाचा क्लेम टाक. रेशनकार्डात तुम्ही दोघी एकत्र आहात. नात्याच्या रकान्यात आई लिही. कोणी विचारणार नाही. आणि त्यात खोटं तरी काय आहे? तिनंच केलं सगळं.”

“सर, तुम्ही माझ्या भल्यासाठीच म्हणता.” पुष्पांजली रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत म्हणाली. ती रमाकांतांशी नेहमी शाळेतलं मराठी बोले. आज ते सुटलं. “पण तिनं जन्मभर सोताले आई म्हणू देलं नाही मले. माह्या आईची जागा तिनं राखून ठेवली. आता ती गेल्यावर मी चार पैशांसाठी तिथं तिलेच कशी बसवू?”

रमाकांतांनी हलकेच मान हलवली. “नको टाकूस मग. राहू दे.”

“टाकणार हाय,” ती म्हणाली. “मावशी लिहून टाकणार हाय.”

“नाकारतील.”

“नाकारू देत.”

क्लेम तिनं त्याच आठवड्यात भरला. प्रवास अर्धवट सोडल्याचं कारण: आजारपण व मृत्यू. आजारी व्यक्तीशी नातं: मावशी. सोबत दवाखान्याचे कागद जोडले, त्यावर धम्मशीलानं लिहिलेलं ‘भाची’ होतं.

काही दिवसांनी कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातून फोन आला. आवाज तरुण मुलीचा होता. तिनं आपलं नाव हिमानी सांगितलं.

“मॅडम, तुमचा क्लेम माझ्याकडे आलाय. सॉरी, पण मावशी हे नातं आपल्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे आम्हाला तो...”

“नामंजूर करावा लागेल. बरोबर आहे.”

पलीकडे की-बोर्डवर बोटं चालली. “तुम्ही स्वतः एजंट आहात ना, मॅडम? इथं दिसतंय मला.”

“हो. बरीच वर्षं.”

“मग तुम्हाला माहीत असणार. तरी... म्हणजे सहज विचारते, ऑफिसचं नाही. का टाकलात?”

पुष्पांजलीनं खुर्ची थोडी मागे घेतली. बाहेर खताच्या दुकानासमोर पोती उतरवली जात होती.

“कंपनीनं मला एवढ्या लांब नेलं आणि मी दुसऱ्या दिवशी परत आले. कोणासाठी आले, ते तुमच्याकडे कुठं तरी लिहिलेलं असावं असं वाटलं. बाकी नियम बरोबर आहे. तुम्ही नामंजूर लिहा, मला वाईट वाटणार नाही.”

“मॅडम,” हिमानी म्हणाली, “फाइल बंद करायच्या आधी शेरा लिहावा लागतो मला. त्यात त्यांचं नाव लिहिते. सिस्टीममध्ये आडनाव चुकलेलं दिसतंय. नीट सांगता का एकदा?”

“सांगते ना.” पुष्पांजली ताठ बसली. “वत्सला. वत्सला नामदेव रिंढे. ढ, ढगातला.”

“ढगातला,” पलीकडून हिमानी म्हणाली, आणि टाइप करू लागली.