गुरुवारचा आडवा प्रश्न

इंदुताईंच्या शिकवण्यात एक खोड होती. समोरचा माणूस पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणू लागला, की त्या मध्येच आडवा प्रश्न टाकायच्या. डब्यात काय आणलंस? बस का चुकली? माणूस अडखळायचा, चिडायचा आणि मग स्वतःचं काहीतरी बोलायचा. तळवड्याच्या त्यांच्या पुढच्या खोलीत कंपन्यांतली कितीतरी माणसं असंच अडखळत इंग्रजी शिकली होती.

गुरुवारी मात्र क्लास नसे. शेखर, त्यांचा एकुलता मुलगा, लहानपणी मरणाच्या दारातून परत आला, तेव्हा त्यांनी दत्तगुरूंना गुरुवारच्या मौनाचा नवस बोलला होता. दिवेलागणीपर्यंत तोंडून शब्द नाही, लिहून सांगणंही नाही. शेखर नोकरीला लागून बंगळुरूला गेला, तरी व्रत सुटलं नव्हतं.

त्या गुरुवारी पूजा आटोपते तोच वर्षाली दारात उभी. ती त्यांच्या क्लासातलीच, मूळची बीडकडची, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला. लाइन लीडरच्या जागेसाठी तिची मुलाखत उद्या होती, पण परदेशी साहेब लवकर निघणार म्हणून आजच ठरली. जागा मिळाली तर रात्रपाळी सुटणार होती, आणि गावी आजीपाशी ठेवलेली लेक करिष्मा तिला इकडे आणता येणार होती.

"ताई, तुमचं मौन हाय, ठाऊक हाय मला," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "तुम्ही नका बोलू. निस्तं ऐका. कच्चं वाटलं तर मान हलवून न्हाई म्हणा."

मुलाखतीसाठी पाठ केलेलं इंग्रजी ती उभ्या उभ्या सगळं म्हणून गेली. चूक एकही नव्हती. पण पोथीचा अध्याय वाचावा तसं, श्वासही न घेता. साहेबांनी एक प्रश्न बाजूनं विचारला तर हे सगळं कोसळेल, हे इंदुताईंना स्पष्ट दिसत होतं. प्रश्न ओठांशी आला. तेवढ्यात देवघराकडे नजर गेली आणि आठवला तो तापानं फणफणलेला शेखर. त्यांनी ओठ मिटले. आणि मग, पोर एवढी आशेनं बघतेय म्हणून, हसून मान डोलावली. तिच्या कपाळाला अंगारा लावला. वर्षाली केवढ्या खुशीत गेली.

शनिवारी ती आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. साहेबांनी विचारलं होतं, लाइनवर खराब माल दिसला तर काय करशील? रोजचंच काम तिचं. पण तिनं आपलं नाव, गाव, शिक्षण सांगायला सुरुवात केली. परत विचारलं, तर परत तेच. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

इंदुताईंना तिच्याकडे बघवेना. "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं गं."

वर्षालीनं कानाच्या पाळ्या धरल्या. "असं नका म्हणू, ताई. माझ्यापायी तुमचं व्रत मोडलं असतं तर ते पाप मी कुठं फेडलं असतं? तुम्ही तर चांगलं झालं म्हणून मान डोलावली हुती. माझंच नशीब."

आता क्लास पुरे, असंही ती जाता जाता म्हणाली.

एक शब्द न उच्चारता आपण खोटं बोललो होतो, हे इंदुताईंच्या मनातून जाईना. पुढच्या गुरुवारी देवापुढे फूल वाहताना हात थबकला. त्यांनी चपला घातल्या आणि कंपनीची बस थांबते त्या चौकात गेल्या. वर्षाली डबा धरून उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला. ताईंचं मौन म्हणून तीही गप्प राहिली.

इंदुताईंनी इंग्रजीत विचारलं, "काल करिष्मा फोनवर काय म्हणाली?"

वर्षाली दचकली. "ताई, आज गुरुवार..."

"माहीत आहे मला. सांग."

बस वळणावर दिसू लागली होती. वर्षालीनं एकेक शब्द जुळवला. "शी सेड... आई, व्हेन यू कम?"

"मग तू काय सांगितलंस?"

बसचं दार उघडलं, आणि ती डोळे पुसत चढली.

बस गेल्यावर इंदुताईंनी तिथूनच शेखरला फोन लावला.

"आई? आज कसा काय फोन?" तो घाबरलाच. "बरी आहेस ना?"

बरी आहे, त्या म्हणाल्या. व्रत मोडूनही त्याचा आवाज धडधाकट ऐकून त्यांना हायसं वाटलं, आणि वर्षालीची लेक अजून गावीच असताना हायसं वाटल्याचीच लाज वाटली.