तपासनिसाच्या चार बैठका

चार बैठका. समुपदेशनाच्या. त्याहून एक जास्त नाही. बायकोने हे सांगितलं तेव्हा ती पडद्याच्या कापडाला दुमड घालत होती आणि तिच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यामुळे वाक्य ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. चौथी बैठक झाली की ती ठरवणार होती: इथे राहायचं, की धाकट्या बहिणीच्या पडद्यांच्या दुकानावर जी खोली आहे तिथे जायचं. खोलीची किल्ली तिच्याकडे आलेलीही होती. ती तिने लपवली नव्हती. फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. सगळे म्हणजे नवरा.

नवरा कारखान्यात तपासनीस होता. लेथ मशीनवर कातलेले लोखंडी शाफ्ट त्याच्या टेबलावर यायचे. तो ते मोजायचा. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक निघाला तरी त्यावर लाल खूण आणि माल बाजूला. एकोणतीस वर्षांत त्याने पास केलेला एक नग परत आला नव्हता. असा माणूस कारखान्याला सोन्यासारखा. घराला तो कसा आहे हे कारखान्याने कधी विचारलं नाही. कारखाने असलं काही विचारत नाहीत.

घरी आल्यावर तो चपला काढता काढता सांगायचा. नळ गळतोय. आतला दिवा चालूच राहिलाय. हा टॉवेल काल इथे नव्हता. ओरडत नसे. हात उगारणं तर लांबच. नुसतं सांगायचा. तेवीस वर्षं. मग मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घरात तपासायला एकच माणूस उरलं. मारत नाही, पीत नाही, पगार घरी आणतो, अशा नवऱ्याबद्दल बाईने तोंड उघडलं की लोक म्हणतात, सुख दुखतंय तिला. हिलाही म्हणाले. सगळ्यात आधी तिची आई म्हणाली.

समुपदेशक बाईंची खोली एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर होती. मधूनमधून खालून दात कोरायचं मशीन ऐकू यायचं. दोन सारख्या खुर्च्या होत्या. नवऱ्याने बसायच्या आधी आपली खुर्ची हलवून पाहिली, एक पाय आखूड निघाला, मग खिशातल्या कागदाची घडी करून पायाखाली सारली आणि मगच तो बसला. बाईंनी ते पाहिलं.

"ही गप्प राहते तेव्हा तुमचं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही होत नाही. ती चुकते, मी सांगतो."

"ते तिचं झालं. तुमचं?"

"माझं काय? माझं बरोबर असतं."

बायको हसली. "बघा," ती बाईंना म्हणाली. "भिंतीवर डोकं आपटलं तर टेंगूळ तरी येतं. ह्यांच्यावर आपटलं तर म्हणतील, जरा डावीकडे आपट, तिथला रंग पक्का आहे."

बाईंनी दोन गोष्टी करायला दिल्या. पहिली, राग आला की तिथल्या तिथे बोलायचं नाही. पेलाभर पाणी प्यायचं, 'दहा मिनिटांत येतो' असं सांगून उठायचं, आणि दहा मिनिटांत खरोखर परत यायचं. उठून जाणं सगळ्यांना जमतं, बाई म्हणाल्या, परत येणं जमत नाही. दुसरी, रोज संध्याकाळी सात वाजता समोरासमोर बसायचं. एकाने दहा मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. मधे बोलायचं नाही, सुधारायचं नाही, उपाय सांगायचा नाही. शेवटी 'मी हे ऐकलं' असं एका वाक्यात सांगायचं. एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा.

नवऱ्याला हे आवडलं. वेळ ठरलेली, पद्धत ठरलेली. प्रेम बिम म्हटलं असतं तर तो जिन्यावरूनच परत गेला असता.

पहिल्या संध्याकाळी बायको दोन मिनिटं बोलली आणि आठ मिनिटं चटईकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी जरा जास्त. पाचव्या दिवशी तिने सांगितलं, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. वर्ष होत आलं. बहिणीच्या दुकानात ती पडदे शिवायला जाते; तिथल्या पोरीकडून ती सकाळीच दहा-बारा सुया ओवून घेते आणि उशीला टोचून ठेवते. चष्मा लागणार हे घरी सांगितलं नाही, कारण 'मी मागेच म्हटलं होतं' हे वाक्य ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

नवऱ्याच्या ओठांवर नेमकं तेच वाक्य आलं होतं. त्याने ते गिळलं. "तू वर्षभर सुया दुसऱ्याकडून ओवून घेतेस आणि मला सांगायला घाबरतेस," तो म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिचं बोलणं कुणी तिला परत आणून दिलं नव्हतं. नेलं की नेलंच. त्या रात्री तिने जेवताना त्याला न मागता लोणच्याची बरणी पुढे केली. ही मोठी गोष्ट होती. ज्यांना वाटत नाही त्यांनी अबोल्यात वर्ष काढून बघावं.

दुसऱ्या बैठकीत ती बाईंना म्हणाली, "ऐकतात हो. शब्दाला शब्द." आणि म्हणताना लाजली. पन्नाशीला आलेली बाई, नवरा आपलं ऐकतो म्हणून लाजली.

नवऱ्याचे दिवस मात्र पटकन उरकायचे. "सगळं ठीक," तो म्हणायचा. "कामावर ठीक. तब्येत ठीक." अर्ध्या मिनिटात संपलं. उरलेली साडेनऊ मिनिटं तो घड्याळ बघायचा. बायकोने आग्रह केला नाही. तिला वाटलं, येईल हळूहळू.

कारखान्यात स्टोअरवाला ढोल्या त्याचा एकुलता एक मित्र होता, म्हणजे तो एकटाच त्याला घाबरत नसे. त्याने विचारलं, "काय रे, घरचा लॉट पास होणार का?"

"सुधारणा आहे," नवरा म्हणाला.

"कुणात?"

"कुणात म्हणजे? तिच्यात."

ढोल्या इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. नवऱ्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तिसऱ्या बैठकीला तो एक फाईल घेऊन गेला. ती त्याने कुणापासून लपवली नव्हती. बाई खूश होतील असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच्या कामात एक नियम होता: जे लिहिलं नाही ते मोजलंच नाही. म्हणून रोज सात वाजून दहा मिनिटांनी तो आतल्या खोलीत जाऊन लिहीत होता. कारखान्याचा कोरा तपासणी तक्ता, त्याच सरळ रेघा, तेच टोकदार अक्षर. बाईंनी फाईल उघडली. मग बायकोने हात पुढे केला आणि ती स्वतःकडे घेतली.

तिने मोठ्याने वाचलं. "सोमवार. विषय: दुकानातल्या पोरी. आवाज: मध्यम. पुनरुक्ती: तीन. विषयांतर: एक. निकाल: स्वीकार्य." पान उलटलं. "बुधवार. विषय: सुई-दोरा. आवाज: कापरा. डोळ्यांत पाणी: होय, दोन वेळा. निकाल: स्वीकार्य." आणखी एक पान. "रविवार. विषय: आईचं आजारपण. जुनीच तक्रार. वेळ: चौदा मिनिटं, चार मिनिटं जादा. निकाल: नापास."

खालचं दात कोरायचं मशीन तेवढ्यात थांबलं.

"मी रडले ते मोजलंत?" तिने विचारलं.

"काळजी म्हणूनच लिहिलं," तो म्हणाला. "बघ ना, पुनरुक्ती कमी होत आलीय."

ती उठली, पर्स घेतली, फाईल खुर्चीवर ठेवली आणि गेली. दार हळू लावलं. तिने ते आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

बाईंनी फाईल चाळली. "यात तुमचा रकाना कुठे आहे?"

"तपासणाऱ्याचा रकाना नसतो. तो खाली सही करतो."

"केलीय की. प्रत्येक पानावर." बाईंनी फाईल त्याच्याकडे सरकवली. लहानपणी बापाने बडवलं होतं असं काहीतरी त्याने त्या वेळी सांगितलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती. तसं काही नव्हतं. बाप गरीब गाय होता. हा माणूस चुका काढायचा कारण त्याला त्या काढता येत होत्या, आणि त्याबद्दल जगाने त्याला शाबासकी दिली होती. आपल्याला जे छान जमतं त्यानेच आपण घरच्यांचा जीव घेतो, आणि वर म्हणतो, एवढं करून काय मिळालं.

"तुमच्या दिवशी तुम्ही काय बोलता?" बाईंनी विचारलं.

"ठीक असतं सगळं."

"बायको घर सोडायच्या बेतात आहे आणि ठीक आहे?"

त्याने फाईल बंद करून काखेत घेतली.

त्या संध्याकाळी सात वाजता ती समोर येऊन बसली. त्याला वाटलं नव्हतं ती बसेल. चार म्हटल्या म्हणजे चार, तिचंही तसंच होतं. "आज तुमचा दिवस," ती म्हणाली. "बोला."

"काय बोलू?"

"मला काय विचारता? मी नापास आहे."

दहा मिनिटं तो गप्प बसला. घड्याळ बघायचीही हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी पुन्हा त्याची पाळी आली, पुन्हा तेच. मधल्या तिच्या दिवशी ती म्हणाली, "मला काही सांगायचं नाही. मी नुसती बसते." आणि बसली. ती शिक्षा होती की सोबत, हे त्याला मोजता येईना.

तिसऱ्या पाळीला तो बोलला. टेबलाच्या कडेकडे बघत बोलला, बोटाने ती कड चाचपत.

"मी जिना चढून येतो ना, तेव्हा दाराबाहेर थांबतो. तू बहिणीशी फोनवर बोलत असतेस. हसत असतेस. तू खूप मोठ्याने हसतेस. मी थांबतो. कधी पाच मिनिटं, कधी जास्त. एकदा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, किल्ली हरवली का. मी हो म्हणालो." बोट कडेवर मागेपुढे फिरलं. "मग मी आत येतो आणि तुझं हसणं बंद होतं. फोन ठेवतेस. काहीतरी बोलायला हवं असतं. मला काय बोलायचं कळत नाही. मग नळ दिसतो."

नियम होता. एका वाक्यात सांगायचं होतं.

"तुम्ही दाराबाहेर उभे राहता," ती म्हणाली, "आणि आत आल्यावर तुम्हाला फक्त नळाशी बोलता येतं."

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळाखालची बादली काढून मोकळी केली आणि परत ठेवली. तिला राग आला होता. पूर्वी तिचा राग सरळ असायचा, आता त्यात दया मिसळली आणि तो नासला. अशी दया बाईच्या पायात बेडीसारखी पडते. त्याच दयेपायी कितीजणी जन्म काढतात आणि वर त्याला संसार म्हणतात. पेलाभर पाणी पिऊन ती दहा मिनिटांनी बाहेर आली आणि शिवायला बसली.

चौथ्या बैठकीला दोघं एकाच बसने आले. बाईंनी विचारलं, कुणाला बोलायचंय. बायको म्हणाली, मला.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "परवा ह्यांनी मला खरं सांगितलं. त्याआधी सांगितलं असतं तर मी राहिले असते का, माहीत नाही. पण आता राहिले तर ते कीव म्हणून राहीन. आणि मी हसताना दाराबाहेर कोणी आहे का, हे बघत राहीन. मला काही दिवस असे हवेत की मी कापड वाकडं कापलं तर ते वाकडं आहे हे मला एकटीलाच कळेल. घटस्फोट वगैरे मी म्हणत नाही. परत येईन असंही म्हणत नाही."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "काय ऐकलंत?"

"ती चालली."

"हे अर्धं झालं," बायको म्हणाली.

"ती चालली," तो पुन्हा म्हणाला, "आणि मी खरं बोललो म्हणून ती राहणार नाही. खरं बोलल्याचं बक्षीस नसतं."

"हे मी म्हटलं नाही," बायको म्हणाली. मग पर्स मांडीवर घेत, "पण असू दे. तसंच आहे ते."

रविवारी सकाळी त्याने तिचं शिलाई मशीन जिन्यावरून उतरवलं. ढोल्याने टेम्पो आणला होता आणि तोंडाला कुलूप लावलं होतं, जे त्याला शोभत नव्हतं. दुकानाच्या दारात मेहुणी उभी होती. तिने तेवीस वर्षांचं सगळं साठवून ठेवलं होतं.

"या भावोजी, या. आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून घ्या हं. कमीजास्त असतील तर सांगा, पाडून परत बांधते."

"चौदा आहेत," तो म्हणाला. दारातून जिना दिसत होता आणि पायऱ्या आपोआप मोजल्या गेल्या होत्या. मेहुणीला काय बोलावं सुचलं नाही, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

खोली लहान होती. एक खिडकी, एक पलंग, भिंतीत फळ्या. त्याने मशीन खिडकीजवळ ठेवलं. उजेड हातावर डावीकडून यावा म्हणून थोडं फिरवलं. बायकोने ते परत होतं तसं केलं. त्याने हात मागे घेतले.

"खिडकीची कडी सैल आहे," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला कळलं.

"दिसली मला."

"आवळू?"

"नको."

तो मधोमध उभा राहिला. टेम्पोचा हॉर्न वाजला. ढोल्याला तेवढंच जमलं होतं.

"तुझ्या चष्म्याचं काय?" त्याने विचारलं. "मी सुचवत नाहीये. विचारतोय."

"उद्या दुपारी डोळे तपासायला जाणार आहे. धाकटीबरोबर."

"बरं."

"तुम्ही जेवा वेळेवर. आणि बाईंकडे जात जा. एकटे."

"तिथे एकट्याने काय करायचं?"

"ते त्यांना विचारा," ती म्हणाली, आणि सुयांची उशी पिशवीतून काढून मशीनशेजारी ठेवली. तो आणखी थोडा थांबला. ती त्याला जा म्हणाली नाही, थांबही म्हणाली नाही. मग तो चौदा पायऱ्या उतरला, टेम्पोत ढोल्याशेजारी बसला, आणि ढोल्याने घराच्या दिशेला गाडी वळवली तेव्हा म्हणाला, "घरी नको. जरा दुसरीकडे कुठे तरी चल."

"कुठे?"

"माहीत नाही," तपासनीस म्हणाला.