उकिरड्यात दडवलेली रोपं

"हरभऱ्याला काय झालंय गं?" बांधावरून सासूनं हाक मारली, तशी सुनेनं हातातलं रोप झटकन टोपलीत कोंबलं.

"कुठं काय, आई! तण काढतेय."

"तण? दिवस उगवायच्या आधी? एरवी तुला उठवायला चार माणसं लागतात!"

सून हसली, पण ते हसू ओठांवरच वाळलं. गेल्या साली मर रोगानं निम्मं रान बसलं होतं. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकायचं. मर न लागणारं नवं बी आणायचं म्हणून तिनंच घर डोक्यावर घेतलं. नवरा म्हणाला होता, "बुडालं तर तू जाणे." आणि आता त्याच नव्या रानात, इथं एक, तिथं एक, रोपं माना टाकत होती. रोज पहाटे ती गुपचूप उपटायची. तोंडानं देवाचं नाव.

बियाणं देणाऱ्या बाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. बुरशीला दात नसतात, ती रस सोडते. त्या रसानं मुळाची भिंत विरघळते, मग ती आत शिरून झाडाच्या पाण्याच्या नळ्या बुजवते. हल्ला कच्च्या-पक्क्या दोन्ही वाणांवर सारखाच. कच्चं वाण झोपून राहतं. पक्कं वाण चाहूल लागताच भिंत जाड करतं, उलटा रस सोडून तिचा रस मारतं. पण यंदा तेही झोपलं असेल तर?

सासूनं जवळ येऊन टोपलीत हात घातला. तिचा चेहरा उतरला.

"आधीची कुठं टाकलीस?"

"उकिरड्यात. वर शेण लोटलं."

"अगं बये! तुझा नवरा आत्ता तेच खत गाडीत भरतोय. वरच्या रानात न्यायला!"

मेलेल्या मुळात ही बुरशी वर्षानुवर्षं दबा धरून बसते, हेही बाईंनी सांगितलं होतं. वरचं रान अजून निरोगी होतं. घरादाराचा सगळा भरवसा त्याच्यावर.

दोघी टोपली घेऊनच पळत सुटल्या. म्हातारी गुडघे विसरली.

"थांब रे! एक पाटीही हलवू नकोस!"

नवऱ्यानं फावडं टेकवलं. "काय झालं? साप निघाला का?"

रडत रडत सुनेनं सगळं सांगितलं. त्याचा आवाज चढणार, तोच सासू मध्ये पडली.

"तिला बोलू नकोस. आधी मला बोल. त्या नव्या बियात मी घरचं जुनं बी मूठभर कालवलं होतं."

"आई!"

"परक्या बियाला घरची सोबत असावी, असं माझ्या सासूनं शिकवलेलं. मला काय ठाऊक मी रोगाला जेवायला बोलावतेय!"

"वा! एकीनं मरण पेरलं, दुसरीनं ते खतात मुरवलं. मी नुसता गाडी हाकायला!"

कुणी हसलं नाही. म्हातारीनं टोपली पालथी केली. घरच्याचं खोड तांबूस असतं, नव्याचं हिरवं. ती एकेक रोप बाजूला सारू लागली. तांबूस. तांबूस. हेही तांबूस. सुनेचा श्वास जरा मोकळा होतोय, तोच एक खोड हिरवं निघालं.

सुनेनं नखानं ते मुळापासून उभं चिरलं. मुळात काळी रेघ होती. तिनं डोळे मिटले, देवाला हाक मारली आणि आणखी चिरलं. बोटभर वर रेघ थांबली होती. तिथून पुढं शेंड्यापर्यंत गर पांढराशुभ्र. पानंसुद्धा ताठ.

"आत शिरली होती, आई," ती पुटपुटली. "पण यानं अडवली. हे मरत नव्हतंच. भीतीच्या भरात मीच उपटलं."

भरलेली गाडी नवऱ्यानं तिथंच रिकामी केली. यंदा वरचं रान बिनखताचं राहणार होतं. मग तिघंही वाकून शेणातून मेलेली मुळं वेचू लागली, जाळण्यासाठी. सगळी सापडतील, असं कुणीच म्हणालं नाही.