गावदेवीची पाठ

मंगळवारी दुपारी बारा वाजता गावदेवी अंगावरची खोळ टाकून उठणार, असं देवीचा भगत रघूबुवा याने शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं. म्हणून त्या दिवशी पूर्ण्याजवळच्या आमच्या गावातलं कोणी शेतावर गेलं नाही की पॉवरलूमवर ड्युटीला गेलं नाही. भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून रिक्षा भरभरून पाहुणे आले. देवीच्या चौथऱ्यापुढे उभं राहायला जागा उरली नाही. सकाळीच तीन बोकड कापून झाले होते आणि त्यांच्या रक्तावर माश्या घोंगावत होत्या.

आमची देवी म्हणजे पुरुषभर उंचीची एक शिळा. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर थापून तिच्यावर चार बोटं जाडीचा थर चढलेला. त्या थरावरच डोळे बसवलेले. रघूबुवा सकाळपासून तिच्यावर घागरी ओतत होता.

"सात नद्यांचं पानी हाय," तो दर दहा घागरींमागे सांगायचा. सातही नद्या रस्त्याच्या ठेकेदाराच्या टँकरमधून येत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहत होतो.

"आई म्हनते," बुवा सांगत होता, "हितून गाड्या जानार, मला हितं ऱ्हायचं न्हाय. मला माळावर न्या. आन मी उठले की हा दगूड फोडा. रिकामा ठेवलात तर त्यात वाईट येऊन बसंल, आन गावातली पोरं एकेक करून खाईल."

माळावर ठेकेदाराने देवळासाठी जागा आधीच आखून दिली होती. नव्या हायवेच्या आखणीत शिळा नेमकी मधोमध येत होती. देवीला रस्त्याचा नकाशा इंजिनियरपेक्षा चांगला कळतो, हे मला त्या दिवशी समजलं.

आता माझं सांगतो. मी हिरामण, गावच्या शाळेतला मास्तर. आम्ही बौद्ध. मी त्या दगडाला कधी हात जोडले नाहीत. पण माझ्या आज्याला जोडावे लागायचे, आणि तेही मागून. आमच्या माणसांना चौथऱ्यावर चढायची बंदी होती. बाकी गाव देवीला पुढून भेटायचं. तिची पाठ पाहिली तर निर्वंश होतो, अशी समजूत होती. आमचा निर्वंश झाला तरी चालण्यासारखा होता, म्हणून आम्हाला पाठीमागे उभं करत. त्यामुळे तिची पाठ आमच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. आजा मला लहानपणी दाखवायचा: मागून दिसणाऱ्या कडेला शेंदूर पातळ होता, तिथे दगडात कोरलेल्या नावेचं टोक आणि दोन वल्ही दिसायची.

हायवेची मोजणी सुरू झाली तेव्हा ती वल्ही मला आठवली. मी पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिलं. एकोणनव्वद सालच्या मार्चमध्ये उत्तर आलं: अधिकारी गुरुवारी पाहणीला येतील, तोवर शिळेला हात लावू नये. त्याची एक प्रत ठेकेदारालाही गेली. ती त्याला शुक्रवारी मिळाली. त्याच संध्याकाळी त्याचा मुकादम रघूबुवाच्या पडवीत बसला होता, आणि दिवे लागायच्या आत बुवाच्या अंगात देवी आली. गुरुवार उजाडेपर्यंत तो दगड उभा राहावा, एवढंच मला हवं होतं.

शंभराच्या आसपास घागरी झाल्या आणि आतून 'कट्' असा आवाज आला. शेंदराला वरपासून खालपर्यंत भेग गेली. डोळ्यांसकट ती सगळी खोळ पुढे झुकली आणि धाडकन चौथऱ्यावर पडली. बायका घुमू लागल्या. माणसं चिखलात आडवी झाली.

खोळीमागे दगड उघडा पडला होता आणि तो कोरीव होता. खाली होड्यांची रांग, वल्ही मारणारे, भाले उगारलेले लोक. मधे पाण्यात पडलेला एक माणूस. अगदी वर अक्षरांच्या दोन ओळी. एवढ्या गर्दीत त्या दगडाकडे बघणारा मी एकटाच होतो.

"फोडा," बुवा ओरडला.

गावातल्याच लहानूने घण उचलला. मी चौथऱ्यावर चढलो आणि दगडाला पाठ लावून उभा राहिलो.

"लहानू, गुरुवारपर्यंत थांब. मग काय ते कर."

"गुर्जी, बाजूला व्हा," लहानू म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते. "माजी पोर तीन दिस तापानं फनफनलीय. बुवा सांगतो, ह्यो दगूड ऱ्हायला तर ती ऱ्हायची न्हाय."

"पोरीला डॉक्टरकडे ने."

"ह्याचा आजा खाली उभा ऱ्हायचा," गर्दीतून कोणीतरी बोललं. "ह्यो चौथऱ्यावर चढलाय, बगा."

पहिला धोंडा माझ्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. कोणीतरी पाय ओढला, मी गुडघ्यावर आलो, पाठीत लाथा बसू लागल्या. माझ्या डोक्यावरून लहानूचा घण गेला आणि वरची अक्षरं फुटून कपच्या माझ्या मानेवर पडल्या. तो पुन्हा घण उगारतोय हे पाहून मी कोरलेल्या होड्यांवर हात पसरला. घण हातावर बसला. हाडं मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

"रगत पडलं," रघूबुवा म्हणाला. "आई खूश झाली. मारा अजून."

तेवढ्यात एक बाई गर्दी चिरत चौथऱ्यावर आली. ती हौसा, खदानीवर दगड फोडणारी वडारीण. तिने पडलेली खोळ उलटी केली, आतून बोटभर लांबीची लाकडी पाचर उपटली आणि लहानूच्या नाकासमोर धरली.

"ही माज्या हातची हाय," ती म्हणाली. "टोक मीच भाजते, म्हंजे ठोकताना चेपत न्हाय. रविवारी मुकादमानं पंधरा नेल्या. म्हनला, खदानीसाठी."

"मंग?" लहानूने विचारलं.

"मंग काय? आम्ही दगूड असाच फोडतो. फटीत सुकी पाचर ठोकायची आन पानी मारत ऱ्हायचं. लाकूड फुगतं, दगूड चिरतो. तितं तुमचा शेंदूर काय टिकनार? देवी उठली न्हाय बाबा, पाचर फुगली."

"खोटं बोलते," बुवा म्हणाला. पण त्याची नजर मुकादमाला शोधत होती, आणि मुकादमाची जीप केव्हाच चालू झाली होती.

"लहानू," मी तसाच पडल्या पडल्या म्हणालो, "मागे जाऊन बघ."

तो जागचा हलेना. त्याच्या घराण्यात कोणी देवीची पाठ पाहिली नव्हती. हौसाने त्याचं मनगट धरलं आणि त्याला मागे नेलं. दगडाच्या दोन्ही कडांना, शेंदूर जिथे चिकटलेला होता तिथे, खालपासून वरपर्यंत ताजा शेंदूर लिंपलेला होता. लहानूने बोटाने खरवडला. खाली फुगलेलं लाकूड निघालं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

लहानू ते लाकूड उंच धरून पुढे आला आणि गाव बुवावर तुटून पडलं. ज्या पायांनी मला तुडवलं तेच पाय आता त्याला तुडवत होते. त्याचे दात चौथऱ्यावर पडलेले मी पाहिले. "सोडा त्याला," मी ओरडत होतो. "पोलिसांत द्या, मारू नका." मला बरं वाटलं नाही. मघापर्यंत त्यांना बुवाने चालवलं होतं, आता रागाने. विचार अजून कोणी केलाच नव्हता.

भिवंडीच्या दवाखान्यात मी आणि लहानूची पोर एकाच रिक्षातून गेलो. तिला हिवताप निघाला. रस्त्यासाठी खोदलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, तिथे डासांची पैदास झाली होती. पोरांना खाणारं 'वाईट' ते तेवढंच. गोळ्यांनी ती आठ दिवसांत उठली.

गुरुवारी अधिकारी आले. म्हणाले, हा वीरगळ आहे, लढाईत मेलेल्याच्या आठवणीचा दगड. खाडीतली लढाई दिसते, नऊशे वर्षांपूर्वीची असावी. लहानू होड्यांकडे बघत राहिला. "माजा बा अशीच वल्ही मारायचा," तो म्हणाला. मग त्याने कपच्यांनी भरलेलं घमेलं पुढे केलं. रात्रभर कंदील घेऊन त्याने त्या वेचल्या होत्या. अधिकाऱ्यांनी बराच वेळ जुळवून पाहिल्या, पण जुळल्या नाहीत. त्या दोन ओळींत मेलेल्याचं नाव असणार होतं. नऊशे वर्षं खारा वारा खाऊन टिकलेलं नाव आम्ही एका दुपारी फोडलं.

रस्ता वीस हात सरकला. वीरगळ तिथेच आहे, आता मागून-पुढून कोणीही बघतं. माझी दोन बोटं वळत नाहीत, खडू उरलेल्या बोटांत धरतो. वर्गात दर वर्षी एकच गोष्ट सांगतो, तीच तुम्हालाही सांगतो. हात जोडायचे तर जोडा, मी अडवणार नाही. पण कोणाच्या सांगण्यावरून घण उचलण्याआधी एकदा मागे जाऊन बघा. लहानू रोज त्या दगडाजवळून जातो. तो अजून विचारतो, "गुर्जी, नाव काय असंल हो त्याचं?"