इंडिया गेटवरची तिसरी ओळ

मी एक जुनी दुर्बीण आहे. काळी, दोन नळ्यांची, चामड्याच्या पेटीत राहणारी. माझ्या अंगावर ८×३० असे आकडे कोरले आहेत. मित्रांनो, पहिला आकडा सांगतो की मी वस्तू आठपट जवळ आणते. दुसरा सांगतो की माझ्या पुढच्या काचा तीस मिलिमीटर रुंद आहेत. आतल्या लोलकांमुळे प्रकाश प्रत्येक नळीत चार वेळा वळतो आणि चित्र सुलट दिसते. मी कोणत्या कारखान्यात बनले ते मात्र सांगता येत नाही, कारण तो शिक्का घासून गेला आहे.

श्रीरंगने मला दिल्लीच्या जुन्या बाजारात विकत घेतले. तो केंद्र सरकारच्या नोकरीत होता आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होता. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्याची बायको कुमुद त्यांना पोळीभाजीचा डबा देई आणि श्रीरंग मला देई. कुतुबमिनारावरची नक्षी मी कित्येकांना दाखवली. पाहुणे वाहवा करत. मला वाटे, आपल्याला काहीही दाखवता येते.

१९७३च्या फेब्रुवारीत श्रीरंगचे मामा-मामी आले. दिनकरमामा कोरेगावचे निवृत्त पोस्टमास्तर. सुनीतीमामी पहिल्यांदाच एवढ्या लांब आल्या होत्या. त्यांचा मुलगा गुणवंत एकाहत्तरच्या युद्धात गेला होता. घरी फक्त तार आली होती. इंडिया गेटवर जवानांची नावे कोरली आहेत हे मामांनी वाचले होते. या युद्धातल्या जवानांसाठी तिथे ज्योत पेटवली आहे, हेही वाचले होते. दोन खऱ्या बातम्यांवरून त्यांनी तिसरी गोष्ट ठरवली आणि मामींना सांगितली, ‘‘आपल्या गुणवंताचं नाव दिल्लीत दगडावर आहे.’’

मामींना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी शाळेतल्या बाईंकडून त्याचे नाव इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून आणले होते. रस्ताभर त्या अक्षरांचे वळण पाठ करत होत्या.

पहिल्याच सकाळी व्हरांड्यात माझा पट्टा मामांच्या गळ्यात घालताना श्रीरंग हळूच म्हणाला, ‘‘मामा, ती नावं पहिल्या महायुद्धातली आहेत. गुणवंताचं नाव तिथे नाही. मी खात्री करून घेतलीय.’’

मामांनी माझा पट्टा घट्ट धरला. ‘‘तिला सांगू नकोस. सवड बघून मीच सांगेन.’’

सवड काही मिळेना. सोमवारी कुतुबमिनार झाला. तिथे मामांनी मला उलटे धरले.

‘‘अहो, उलटी धरलीत. मी केवढीशी दिसत असेन!’’

‘‘दिसतेस लहान. आवाज मात्र आहे तेवढाच येतोय.’’

मामी हसल्या आणि लगेच म्हणाल्या, ‘‘इंडिया गेटला कधी जायचं?’’

मंगळवारी लाल किल्ला झाला. बुधवारी मामांनी पानिपत काढले. काला अंब या तिथल्या रणभूमीवर मामींनी स्मारकाच्या खांबाभोवती एक फेरी मारली.

‘‘एवढी माणसं पडली इथे. नावं कुठे आहेत?’’

‘‘नाहीत.’’

‘‘एकाचंही नाही?’’ त्यांनी खांबाला हात लावला. ‘‘मग आपला गुणवंत नशिबाचाच म्हणायचा.’’

मामांनी मला डोळ्यांना लावले आणि ते लांबच्या शेतांकडे पाहू लागले.

गुरुवारी इंडिया गेट टाळता आले नाही. मामा लांब हिरवळीवरच बसून राहिले. गुडघे दुखतात म्हणाले. मामींनी मला डोळ्यांना लावले, चाक फिरवून अक्षरे नीट केली आणि एकेक ओळ कागदाशी ताडून पाहू लागल्या. एक तास गेला. मी प्रत्येक नाव आठपट जवळ आणले. पण जे नव्हते ते मला आणता आले नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

मान दुखली म्हणून मामींनी मला खाली केले आणि मागे वळून मामांकडे पाहिले, माझ्यातूनच. साठ पावलांवरचे मामा एकदम समोर आले. ते गेटकडे पाहतच नव्हते. मामींकडे पाहत होते. टोपी हातात होती आणि ओठ थरथरत होते.

मामी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला पुन्हा गेटकडे वळवले. डोळे मिटलेले होते. ओल्या पापण्या माझ्या काचांना टेकल्या होत्या.

‘‘अहो, इकडे या! दिसलं!’’

मामा धडपडत आले. ‘‘कुठे?’’

‘‘वरून तिसरी ओळ.’’

मामांनी ओल्या काचांतून पाहिले. त्या ओळीत दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचे नाव होते.

‘‘आहे,’’ मामा म्हणाले. ‘‘आपलाच गुणवंत.’’

मामींनी कागदाची घडी घालून माझ्या पेटीच्या अस्तरात सरकवली. ‘‘याचं काम झालं आता,’’ म्हणाल्या. घरी परतल्यावर श्रीरंगने दोघांकडे पाहिले आणि मला पेटीसकट कपाटात ठेवले.

पुढे मामा गेले, मग मामी गेल्या. श्रीरंग निवृत्त होऊन नोएडात राहायला गेला. मी कपाटाच्या वरच्या फळीवर पडून राहिले. चामडे ओल धरून ठेवते. दर पावसाळ्यात माझ्या काचांवर बुरशीचे बारीक धागे वाढत गेले. शेवटी उजेड आणि अंधार, एवढाच फरक मला कळू लागला.

२०१९ साली इंडिया गेटजवळ नवे स्मारक झाले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावे तिथे दगडांवर कोरली आहेत, हे वाचून श्रीरंगने मला खाली काढले. अस्तरात त्याला तो कागद सापडला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा श्रीरंग मला गळ्यात घालून तिथे गेला. भिंतीपुढे उभा राहून तो एकेक अक्षर कागदाशी ताडून मोठ्याने वाचत गेला. शेवटच्या अक्षरावर त्याने बोट टेकवले.

मला ते नाव दिसले नाही.

मित्रांनो, घरात दुर्बीण असेल तर तिला चामड्याच्या पेटीत कोंडू नका. कोरड्या, उजेडाच्या जागी ठेवा आणि अधूनमधून तिच्यातून पाहा. तिचे काम कधी निघेल ते आधी कळत नाही.

आणि त्या नावासाठी माझी गरजही नव्हती. तो दगड जमिनीपासून चार फुटांवर आहे. मामींचा हात सहज पोचला असता.