रूपाबाईची चार बोटं

आमचे हे मस्कतला गाडीच्या परीक्षेत नापास झाले, ही बातमी हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात माझ्याआधी सगळ्यांना कळली होती. फोन यायचा तो उकंडरावच्या दुकानात. अर्धं किराणा आणि अर्धं एसटीडी असं ते दुकान. हे आधी फोन करून "मिनाला बोलवून घ्या" म्हणायचे आणि तासाभरानं पुन्हा लावायचे. त्या पहिल्या फोनमध्येच उकंडरावनं सगळं काढून घेतलं होतं. उकंडरावच्या कानात गेलं की ते बाजारभर झालंच. मी तांड्यावरून चालत येईपर्यंत चहाच्या टपरीवर मला दोघातिघांनी अडवलं. "काय गं मिना, ड्रायव्हर फेल झाला म्हने?"

यांचं नाव प्रेमदास. ते मी एकदाच घेते. पुढं 'हे' म्हटलं की तेच समजायचे. गोरेगाव ते सेनगाव या रस्त्यावर यांनी पंधरा वर्षं काळीपिवळी जीप चालवली. आत माणसं, टपावर हळदीच्या गोण्या, गोण्यांवर पुन्हा माणसं, दाराला लोंबकळणारे वेगळे. तरी कधी कुणाला खरचटलं नाही. असा माणूस रिकाम्या गाडीत, गुळगुळीत रस्त्यावर नापास होतोच कसा? मला राग आला, लाजही वाटली. पण त्याहून जास्त नवल वाटलं, आणि एकदा मला नवल वाटलं की मला जेवण गोड लागत नाही.

"काहून फेल केलं?" मी फोनवर पहिलं तेच विचारलं.

"काय ठाऊक! बाजूला पोलीस साहेब बसला. जरा दूर गेलो, तं उतर म्हनला. त्याचं बोलनं मला कळत न्हाई, माझं त्याला."

"मग तो ड्रमचा खेळ?"

"त्यात पास हाव मी. पहिल्याच बारीला."

तिथं मैदानात ड्रम उभे करतात आणि त्यांच्यामधून गाडी उलटी घालायला लावतात. ड्रमला गाडी लागली की घरी जा. ते यांना जमलं. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, तेही जमलं. राहिली होती ती फक्त रस्त्यावरची परीक्षा. म्हणजे माणूस उलटी गाडी चालवण्यात पास आणि सरळ चालवण्यात नापास! उकंडराव त्यावर इतका हसला, की पुड्या बांधायचा दोरा त्याच्या हातून सुटून गरगरत रस्त्यावर गेला.

मग दुकानात रोज तोच विषय. कुणी म्हणे, तिथं गाडी उजव्या अंगानं चालवतात, त्यानं गोंधळ झाला असंल. कुणी म्हणे, यांनी हॉर्न फार वाजवला असंल. पुढच्या शुक्रवारी, यांच्या सुटीच्या दिवशी, फोन आला तेव्हा मी एकेक विचारलं. गाडी उजव्या अंगानंच ठेवली होती. हॉर्नला तर बोटसुद्धा लावलं नव्हतं, त्यामुळे आपण मुके झाल्यासारखं वाटलं असं ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात हे दुसऱ्यांदा नापास झाले.

त्या दिवशी यांचा आवाज बसलेला होता. कंपनी तीनच संधी देते. तिसऱ्यांदा नापास झाले तर लायसन नाही, आणि लायसन नाही तर गोदामात पोती उचलायची, नाहीतर विमानात बसून परत यायचं. "हमाली कराले काय मी समुद्र वलांडून आलो, मिना? तांड्यावर काय तोंड दाखवू?" खरं सांगते, परत यावेत असं माझ्या मनात रोज यायचं. पण असे, मान खाली घालून नकोत. आमच्या तांड्यावरून परदेशात गेलेला हा पहिला माणूस. जाताना सगळा तांडा फाट्यावर उभा होता.

चूक काय होते ते शोधून काढायचंच, असं मी ठरवलं. पण चूक मस्कतला आणि मी गोरेगावात.

ती मला सापडली सेनगावच्या बाजाराच्या दिवशी. यांच्यामागं जीप माझा दीर कुलदीप चालवायचा. मी मधल्या सीटवर दाटीत बसले होते. फाट्यापुढच्या बाभळीखाली आमच्या तांड्यावरची रूपाबाई अंड्यांची टोपली घेऊन उभी असलेली मला दिसली. जीप तिच्यासमोरून सरळ निघून गेली.

"अरे थांब की! रूपाबाई राहिली!" मी ओरडले.

कुलदीपनं करकचून ब्रेक मारला. म्हातारी टोपली सांभाळत, धापा टाकत आली. कुलदीप तिच्यावरच डाफरला, "हात तं कराव ना मावशे! मला काय सपन पडतं?"

"हात कुठून करू, बापा? खांदा वर जात न्हाई दोन वर्सं झाली," रूपाबाई चढता चढता म्हणाली. तिनं हात कमरेपाशीच ठेवून नुसती चार बोटं उचलून दाखवली. "मी हे एवढं करते. प्रेमदासला बराबर दिसायचं."

सगळी जीप हसली. मीही हसले आणि हसता हसता थांबले. एवढ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, भरल्या गाडीतून, टोपलीमागं उचललेली चार बोटं यांना दिसायची? मग यांचे डोळे असायचे कुठं?

येताना मी हट्टानं पुढं बसले आणि सेनगावपासून कुलदीपकडं बघत राहिले. शेवटी तो वैतागला. "वहिनी, काय बगून राहिल्या?" मी म्हटलं, तू तुझी गाडी चालव. कुलदीप रस्त्याकडं बघत होता, खड्ड्यांकडं, समोरच्या ट्रककडं. शहाण्या माणसानं बघावं तसं. हे कधीच तसं बघत नसत. लग्न झाल्यावर पहिल्यांदा यांच्याशेजारी बसून मी हिंगोलीला गेले, तेव्हा हा माणूस सारखा बाहेर कुणाकडं बघतो म्हणून मी रुसले होते. औंढ्याच्या नागनाथाला नेलं तेव्हा कुठं माझा रुसवा गेला. रस्ता यांच्या पायांना पाठ होता. डोळे सगळे कडेला. शेताच्या धुऱ्यावरून कुणी पळत येतंय का, झाडाखाली कुणी उठून उभं राहतंय का. गाडी कितीही भरलेली असो, हात दिसला की थांबणार. आतले शिव्या द्यायचे, हे म्हणायचे, "सरका जरा, त्यालाबी घर हाये."

शुक्रवारी मी फोनची वाट बघत सकाळपासून दुकानात बसले. उकंडरावनं मला चहा पाजला. त्यालाही आता चैन नव्हतं.

"तिथं रस्त्याच्या कडेला मानसं असतात का?" फोन उचलल्या उचलल्या मी विचारलं.

"असतात तं. उन्हात उभे राहतात बिचारे. कोनी बसची वाट पाहते, कोनी टॅक्सीची."

"हात करतात?"

"करतात."

"मग तुमी काय करता?"

यांचा आवाज एकदम हळू झाला. "मिना, माझा पाय ब्रेकवर जातो गं. मला ठाऊकच न्हाई तो कवा जातो."

"साहेब काय म्हनला मग?"

"त्यानं त्या मानसाकडं बोट केलं अन् जोरात काईतरी बोलला. मला वाटलं, घे म्हनतो त्याला."

"मग?"

"मी मागचं दार उघडून दिलं."

माझ्या कानाला कान लावून उभा असलेला उकंडराव साखरेच्या पोत्यावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. मलाही हसू आवरेना. दोन्ही वेळा हेच! एकदा तर एक मजूर आत येऊन बसलासुद्धा होता. "मी म्हनलं, इतकं मन राखलं साहेबाचं, तरी फेल काहून करून राहिला," हे म्हणाले आणि तिकडं तेही हसायला लागले. किती दिवसांनी मी यांचं हसू ऐकलं.

मग मी मास्तरीण झाले. "आता ऐका. पांढऱ्या पट्ट्यांवर मानूस आला तं थांबायचं. कडेला उभ्या असलेल्याकडं बगायचंच न्हाई."

"पन मिना, हात केलेल्या मानसाला सोडून कसं जावं? बरं वाटत न्हाई."

"तो मानूस न्हाईच. खांब हाये म्हनायचं. रस्त्याच्या कडेला खांब नसतात का? खांबासाठी कोनी थांबतं?"

"खांब," हे म्हणाले. शाळेतल्या पोरासारखं त्यांनी ते दोनदा म्हटलं.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी सकाळी देवापुढं दिवा लावला आणि दुकानात जाऊन बसले. फोन वाजला तेव्हा उकंडरावनं तो स्वतः न उचलता माझ्याकडं सरकवला. "पास!" एवढंच ऐकू आलं आणि मला एकदम रडू फुटलं. उकंडरावनं पेढे आणवले, कुलदीपनं त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्यांना ते वाटले. रूपाबाईला मी स्वतः दोन नेऊन दिले. कशाचे ते तिला नीट कळलं नाही, पण तिनं खाल्ले.

हे परत आले दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुटीवर. अंगानं भरले होते, मनगटावर घड्याळ होतं, आणि गाडीत बसल्या बसल्या पट्टा शोधायचे. आमच्या जीपला पट्टा कुठला! दुसऱ्या दिवशी कुलदीपच्या हातून किल्ली घेऊन म्हणाले, "चल मिना, सेनगावला जाऊन येऊ." मी नवीन लुगडं नेसून पुढं बसले. मागं बाजाराला निघालेली माणसं. हे इतकी सुरेख गाडी चालवत होते की पाण्याचा तांब्यासुद्धा हिंदकळला नसता. डोळे समोर, अगदी सरळ.

बाभळीखाली रूपाबाई उभी होती. टोपलीमागून तिनं चार बोटं उचलली. यांना सांगायची गरज काय, असं मला वाटलं. बाभूळ मागं गेली.

"अहो, थांबा!"

यांनी आरशात बघून, गाडी अलगद कडेला घेऊन थांबवली. "काय झालं?"

"रूपाबाई."

"कुठं व्हती?" हे खरंच विचारत होते. मागं वळून बघितलं आणि यांचा चेहरा उतरला. "मला खांब वाटला गं."

दोन वर्षं मी लोकांना ती खांबाची गोष्ट हसत हसत सांगितली होती.

यांनी गाडी मागं घेतली. वळवली नाही, उलटीच नेली, खड्डे चुकवत, एका रेषेत, थेट बाभळीपर्यंत. मागची माणसं वाहवा करत होती. यांचं लक्ष नव्हतं. खाली उतरून टोपली हातात घेतली तेव्हा रूपाबाईनं यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं.

"प्रेमदास व्हय रे? गाडी थांबली न्हाई, मला वाटलं, जीप इकली तुमी."

हे "न्हाई मावशे" म्हणाले आणि तिला माझ्याशेजारी बसवलं. मग गाडी सुरू केली. हे कडेला बघायचा प्रयत्न करत होते, ते मला कळत होतं. पण मान वळायची आणि पुन्हा समोर यायची.

मग मीच कडेला बघायला लागले. "हात," मी म्हणायची आणि हे थांबायचे. "हात." माणसं चढत होती, आतले सरकत होते, शिव्या देत होते. सेनगावच्या अलीकडे दूर उन्हात काहीतरी उभं दिसलं. माणूस आहे की काय, ते नीट कळेना.

"हात," मी म्हटलं.

हे थांबले. तो नुसता विजेचा खांब होता.