स्टिकरखालचं कुंकू

मशीन घुरघुरत होतं, हिरवा दिवा लागला होता, देवजीच्या नाकातली नळी जागच्या जागी होती, आणि तरीही त्याच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा उतरत चालला होता. एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी.

"संध्या! अगो संध्या, धाव!" सखूच्या तोंडून आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

सून ओट्यावरून ओल्या हातांनीच धावत आली. तिने नव्या मशीनची नळी ओढून काढली, भिंतीशी ठेवलेल्या भाड्याच्या मशीनला जोडली आणि बटण दाबलं. दोघी श्वास रोखून चिमट्याकडे बघत बसल्या. सत्त्याऐंशी. तिथेच किती वेळ. मग नव्वद. त्र्याण्णव झाले तेव्हा देवजीने डोळे उघडले.

"मेलू नाय अजून," तो म्हणाला. "अशा काय बगताव दोगी?"

सखूला हसू आलं नाही. शिरवण्याच्या पलीकडच्या दगडखाणीत वीस-बावीस वर्षं काढलेला हा तिचा माणूस. खाणी बंद झाल्या, पण तिथली धूळ त्याच्या छातीत घर करून राहिली. आता दिवसातले सोळा-सोळा तास त्याला मशीनने प्राणवायू पुरवावा लागे. भाड्याचं मशीन नेरूळच्या सुभाषच्या दुकानातलं. ते उद्या दुपारी बाराला परत द्यायचं होतं. दुसऱ्या कुणाला त्याने शब्द दिला होता. म्हणून तर संध्याने फोनवरून हे नवं मागवलं आणि ते आज सकाळीच दारात आलं.

"घाबरू नका आय. दहा दिवसांत बिघडलेलं परत घेतात, दुसरं पाठवतात," संध्या फोनवर बोटं फिरवत म्हणाली. पुढे वाचता वाचता मात्र तिचा चेहरा उतरला. "तक्रार टाकली, तपासायला मानूस आज दुपारीच येतोय. पन इथं लिवलंय, वापरलेली, डाग पडलेली वस्तू परत घेनार नाय. तुमी सकाली कुंकू लावलंत ना, ते पुसून काढा तेवढं."

"हां," सखू म्हणाली.

कुंकवाचं संध्याला माहीत होतं. पाण्याचं नव्हतं.

सकाळी संध्या पोरीला शाळेत सोडायला गेली तेव्हा सखूने मशीनची पूजा केली होती. या घरात पूजेवाचून कुठलं यंत्र सुरूच झालं नव्हतं. मुलाची, प्रीतमची मोटारसायकल, फ्रीज, मिक्सर, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं होतं. तिने आधी हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकू लावलं, नारळ ओवाळून उंबऱ्यावर फोडला आणि त्याचं वाटीत धरलेलं पाणी तीन बोटांनी मशीनवर शिंपडलं. वरच्या जाळीच्या फटींत दोन-चार थेंब गेले. ते आत जाताना तिने पाहिले होते. मोटारसायकलीवर कधी काही झालं नाही, म्हणून मनावर घेतलं नाही.

आता मात्र तिला ते थेंब आठवले. नवऱ्याचा श्वास आपण आपल्या हाताने बुजवला. उद्या बाराला सुभाषचा माणूस येईल, मशीन उचलेल, आणि मग?

तिने नवं मशीन ढकलत मागच्या पडवीत नेलं. कुंकू पाण्याने जात नाही, पसरतं, हे तिला ठाऊक होतं. तिने फडक्यावर खोबरेल घेतलं आणि घासायला सुरुवात केली. डाग फिका होईना. ती आणखी जोराने घासू लागली. तेल शेजारी चिकटवलेल्या कंपनीच्या स्टिकरखाली शिरलं आणि स्टिकरचा कोपरा सुटला. फडक्याबरोबर तो अर्धा वर आला.

खाली कुंकू होतं.

सखू बघतच राहिली. तिने तिथे बोट लावलंच नव्हतं. आणि हे नुसतं कुंकू नव्हतं. गंधाच्या तीन आडव्या पुसट रेघा आणि मधोमध वाळलेला, प्लास्टिकात मुरलेला लाल ठिपका. गंधाच्या रेघा त्यांच्या घरात कधी कुणी ओढल्या नव्हत्या. कुण्या दुसऱ्या घरात, दुसऱ्या बाईने, आपल्यासारखीच हात जोडून ही पूजा केली होती.

माणूस श्वास घेत असताना त्याचं मशीन कुणी देऊन टाकतं का?

तिने स्टिकर अंगठ्याने घट्ट दाबून पुन्हा बसवला. संध्याला सांगायचं तर पूजेचा विषय निघणार, मग पाण्याचाही. आणि पलीकडच्या खोलीत देवजी जागा होता. त्याच्या कानावर हे पडायला नको होतं.

दुपारी दोनला तपासणारा आला. कुलदीप त्याचं नाव, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, हेल्मेट काखेत. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली आणि वाकून बोट ठेवलं.

"आजी, हा डाग आहे. तेल पण लागलंय. ॲप विचारतंय डाग आहे का, मला हो दाबावं लागणार. मग रिजेक्ट."

"अवो दादा, मशीनच चालत नाय!" संध्या चवताळली. "मानसाचा जीव जायची वेल आली होती!"

"ताई, मला का ओरडता? मी बनवली काय? कुंकू तुम्हीच लावलंत ना?"

त्याचं बोट फोनवर टेकायला आलं. सखूने त्याचं मनगट धरलं.

"वरचं माजं," ती म्हणाली. "खालचं माजं नाय."

तिने स्टिकर ओढून काढला. कुलदीपने फोन खाली घेतला. संध्या खाली वाकली, वाकलेलीच राहिली.

एकदा तोंड उघडल्यावर सखूने काही मागे ठेवलं नाही. "आनि पानी पन मीच शिंपरलं. नारलाचं. आत गेलं. त्याच्यानं बिगडलं असंल तर माजा गुन्हा, पन माज्या मानसाला दुसरं मशीन द्या."

कुलदीपने मशीनची वायर लावली, बटण दाबलं. छोट्या पडद्यावर क्षणभर एक आकडा आला: ३११२.

"हा काय, माहिती आहे?"

"मॉडेलचा नंबर ना?" संध्या म्हणाली.

"नाही ताई. मी अशा मशीनी खूप उचलतो. हे तास आहेत. मशीन आजपर्यंत किती तास चाललीय ते. तुमच्याकडे किती चालली?"

"दोन तास. लई तर तीन."

"मग बाकीचे दुसऱ्या कुणाचे. नारळाचं पाणी सोडा आजी, हिचा दमच संपलाय."

दुसऱ्या कुणाचे. संध्याने बोटांवर हिशेब केला. रात्रंदिवस धरले तर चार महिन्यांच्या वर. सखूने पलीकडच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

कुलदीपने स्टिकरखालच्या खुणेचे आणि आकड्याचे फोटो घेतले. "मी 'आधी वापरलेली' असं लिहितो. पण कंपनी मानेल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही ग्राहक हेल्पलाइनला लावा. एकोणीसशे पंधरा."

संध्याने त्याच्यासमोरच लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. वस्तू सदोष निघाली, किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसली, तर विकणाऱ्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, त्याच्या पानावर काहीही लिहिलेलं असो. फोटो, बिल, खोका जपून ठेवा. स्टिकर परत चिकटवू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही आजच लिहा; अठ्ठेचाळीस तासांत त्यांनी पोच द्यायला हवी.

"अठ्ठेचाळीस तास," सखू पुटपुटली. उद्याचे बारा वाजायला बावीसच उरले होते.

कुलदीप गेल्यावर संध्याने सुभाषला फोन केला. सखू तिच्या तोंडाकडे बघत बसली. संध्या नुसती "हो", "हो का", "अरेरे" म्हणत होती. त्या "अरेरे"वरून मशीन गेलंच असं सखूला वाटलं.

"मिलालं आय," संध्याने फोन ठेवला. "हेच र्‍हाऊ द्या बोलला. त्या दुसऱ्या लोकांना आता नको हाय."

"नको? कसं नको?"

संध्याने देवजीच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. माफी मागितली, मशीन उचलून नेलं, आठवड्यात दुसरं पाठवलं. खोका उघडला तेव्हा सखू पुढे झाली नाही. तिने संध्याला आधी आकडा बघायला लावला. पडद्यावर शून्य होतं. मग तिने प्रत्येक स्टिकरवरून नख फिरवलं, मशीन आडवं करून तळ बघितला.

"पूजा नाय करीत?" देवजीने खाटेवरून विचारलं. "का आता मशीनला पन सोयरसुतक लागलं?"

"गप र्‍हावा," ती म्हणाली.

नळी जोडली. चिमट्यावर ब्याण्णव आले, मग चौऱ्याण्णव, आणि तिथे टिकले. ती तासभर त्या आकड्यापुढून उठली नाही. मग तिने कुंकवाची डबी आणली आणि मशीनवर अगदी राईएवढा ठिपका ठेवला, एका कोपऱ्यात. पाणी शिंपडलं नाही. हात जोडल्यावर तिच्या डोळ्यांपुढे देव येईना. गंधाच्या तीन रेघा ओढणारी ती कोण कुठली बाई येत राहिली.